म्हाताऱ्या कुत्र्याच्या टेस्ट आणि ट्रीटमेंट: काय करायचं, काय सोडायचं, कसं ठरवायचं

कुत्रा बारा-तेरा वर्षांचा झालाय, चार दिवस धड जेवत नाहीये, पाणी मात्र सारखं पितोय. डॉक्टरांनी तपासलं आणि कागदावर यादी लिहून दिली: सीबीसी, किडनी आणि लिव्हरच्या टेस्ट, लघवी, पोटाची सोनोग्राफी, जमलं तर हृदयाचा इको. घरी आल्याआल्या दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळं करून घेऊ, काही बाकी ठेवायला नको, दुसरी म्हणते अहो या वयात कशाला त्याला सुया टोचत बसायचं, शांत राहू दे की. दोघांचाही जीव त्याच्यावरच असतो त्यामुळे वाद आणखीच चिघळतो. पण त्या यादीतली प्रत्येक टेस्ट वेगळ्या कामाची आहे, आणि ती काय सांगणार, ते कळल्यावर आपण काय करणार हे माहीत नसताना 'सगळं करा' काय आणि 'काहीच नको' काय, दोन्ही अंधारात ठरवल्यासारखंच.

म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न सरळ विचारायचा: या टेस्टमध्ये काही निघालं तर आपण काय करणार, आणि नाही निघालं तर काय करणार? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती टेस्ट आत्ता राहू द्या. उत्तरं वेगळी असतील तर करा, मग वय काही का असेना. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही, उलट यादी आपोआप छोटी होते किंवा कशाच्या आधी काय करायचं ते ठरतं.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू, प्लीहेच्या, म्हणजे पोटातल्या स्प्लीनच्या, गाठीचं उदाहरण घेऊ कारण मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये ही बऱ्याचदा दिसते. सोनोग्राफीत प्लीहेवर गाठ दिसली. ती साधी आहे की कॅन्सरची हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. सुई घालून बघावं तर बहुतेक वेळा नुसतं रक्त हाती लागतं, शिवाय गाठीतून रक्तस्राव व्हायची भीती. खरं उत्तर मिळतं ते ऑपरेशन करून प्लीहा काढली आणि बायोप्सीला पाठवली की. ढोबळ हिशोब डॉक्टर लोक असा सांगतात की अशा गाठींपैकी साधारण दोन तृतीयांश कॅन्सरच्या निघतात आणि त्यातल्याही दोन तृतीयांश हेमँजिओसार्कोमा नावाच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या वाईट कॅन्सरच्या. आणि गाठ फुटून पोटात रक्त झालेलं असेल तर कॅन्सर असण्याची शक्यता आणखी वाढते. गाठ साधी निघाली तर प्लीहा काढल्यावर विषय संपला, कुत्रा प्लीहेशिवाय व्यवस्थित जगतो. हेमँजिओसार्कोमा निघाला तर नुसत्या ऑपरेशननंतर साधारण एक ते तीन महिने मिळतात, पुढे किमो केली तर चार ते सहा.

हे सगळं डोळ्यासमोर ठेवून आता छातीच्या एक्स-रेचं ठरवा. ऑपरेशन करायची तुमची तयारी आहे का? असेल तर एक्स-रे आधी हवाच, कारण फुप्फुसात पसरलेलं दिसलं तर बरेच जण ऑपरेशन करत नाहीत, म्हणजे त्या एका एक्स-रेने पोट फाडण्यापासून कुत्रा वाचू शकतो. आणि कुत्रा आधीच खूप थकलाय, हृदयाचा त्रास आहे, ऑपरेशन नकोच असं घरात नक्की झालंय तर तोच एक्स-रे कशासाठी? छातीत काही दिसलं काय, नाही दिसलं काय, आपण त्याला घरीच ठेवणार, हिरड्यांवर लक्ष ठेवणार आणि त्या पांढऱ्या पडल्या, म्हणजे आत रक्तस्राव होत असण्याची शंका आली, की लगेच गाडी काढणार. कुत्रा तोच, गाठ तीच, आणि तरी एका घरात ती टेस्ट गरजेची आणि दुसऱ्या घरात निरुपयोगी, आणि दोन्ही घरं बरोबर.

हिरड्या बघायची सवय मात्र सगळ्यांनीच लावून घ्या. वरचा ओठ हलकेच उचलायचा, गुलाबी दिसायला पाहिजे, बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघायचा. कुत्रा ठणठणीत असतानाच बघून ठेवा म्हणजे नेहमीचा रंग कसा आहे ते डोक्यात राहतं.

काही टेस्ट मात्र अशा आहेत की कमी त्रासात भरपूर सांगून जातात, वजन, नीट केलेली तपासणी, रक्त आणि लघवी. यातलं लघवीचं बहुतेक जण टाळतात, गोळा कोण करणार म्हणून. ती राहू देऊ नका, खरंच. किडनीची साधी रक्ततपासणी म्हणजे क्रिएटिनिन, आणि ते नॉर्मलच्या वर जायला लागतं तेव्हा किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम आधीच गेलेलं असतं. त्यात म्हातारा कुत्रा रोड झालेला असतो, आणि क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, त्यामुळे स्नायू कमी म्हणजे आकडाही कमी, रिपोर्ट चांगला दिसतो आणि किडनी मात्र दमलेली असते. एसडीएमए नावाची टेस्ट हे थोडं आधी पकडते, ती उपलब्ध असेल तर विचारा. पण लघवी पातळ होतेय का आणि तिच्यातून प्रोटीन जातंय का हे लघवीच सांगते. सकाळची पहिली लघवी घ्यायची, कुत्रा असेल तर स्वच्छ धुतलेली लांब दांड्याची पळी मागून हळूच पुढे सरकवायची, कुत्री खाली बसते म्हणून तिच्यासाठी उथळ ताटली बरी, सुरुवातीची धार सोडून मधली पकडायची आणि बाटलीत भरून शक्यतो तासाभरात लॅबला पोचवायची, ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. दोन दिवस फजिती होते, तिसऱ्या दिवशी जमतं.

आणि एका रिपोर्टवर निकाल लावू नका. तीन दिवस उलट्या झालेल्या, पाणी कमी पडलेल्या कुत्र्याचं क्रिएटिनिन वाढलेलंच येणार. सलाईन दिल्यावर, एक-दोन दिवसांनी परत तपासल्यावर जो आकडा येतो तो खरा बोलतो. कधीकधी जुन्या दमलेल्या किडनीवर नवीन इन्फेक्शन येऊन बसलेलं असतं आणि ते औषधाने जातं. 'किडनी गेली' एवढं ऐकून घरी नेण्याआधी हे नवीन आहे की जुनं एवढं तरी विचाराच.

उलट काही आकडे उगाच घाबरवतात. एएलपी नावाचं लिव्हरचं एन्झाइम म्हाताऱ्या कुत्र्यांत वाढलेलं असणं फार कॉमन आहे, लिव्हरमध्ये वयानुसार साध्या गाठी होतात त्याने वाढतं, स्टेरॉइड चालू असेल, अगदी कानात घालायच्या थेंबात असेल तरी वाढू शकतं. कुत्रा खातोय, फिरतोय, वजन टिकून आहे आणि फक्त एएलपी वर आहे, तर महिना-दोन महिन्यांनी परत बघू म्हणणारे डॉक्टर निष्काळजी नसतात. त्याच्याबरोबर खूप तहान, खूप भूक, सुटलेलं पोट, केस गळणं असं काही असेल तर मात्र कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. थायरॉइडचंही तसंच, कुठल्याही दुसऱ्या आजारात टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी येऊ शकतं, तेवढ्यावर थायरॉइडची गोळी आयुष्यभरासाठी सुरू करायची नसते.

आता जे सगळ्यात जास्त मनाला लागतं ते. काही आजार असे दिसतात की माणसाला वाटतं संपलं सगळं, आणि संपलेलं नसतं. रात्री व्यवस्थित झोपलेला कुत्रा सकाळी उठतो तो एका बाजूला कोलमडतो, मान वाकडी, डोळे टकाटका एकाच दिशेने हलतायत, उलटी होतेय. घरचे म्हणतात पॅरालिसिस झाला, ब्रेन स्ट्रोक झाला, आणि काही जण तर त्याच दिवशी इंजेक्शन देऊन मोकळं करा म्हणतात. बऱ्याच वेळा हा म्हातारपणातला व्हेस्टिब्युलर आजार असतो, म्हणजे तोल सांभाळणारी आतल्या कानातली यंत्रणा अचानक बिघडलेली असते आणि कारण काही सापडत नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्रे चालायला लागतात, मान थोडी तिरकी राहू शकते, तिने काही बिघडत नाही. तेवढे दिवस मळमळीचं औषध, हाताने पाणी, जेवण भरवणं आणि घसरणार नाही अशी जागा लागते. डॉक्टरांनी कान बघावेत, पाय उलटा ठेवला तर तो सरळ करून घेतो का हे बघावं, त्यावरून मेंदूचा त्रास आहे का याचा अंदाज येतो. एमआरआय लगेच लागत नाही, सुधारणाच झाली नाही तर पुढचा विचार. माझं स्पष्ट मत आहे की अशा कुत्र्याला निदान दोन-तीन दिवस तरी दिलेच पाहिजेत.

नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीचं गर्भाशय पिकणं, पायोमेट्रा, हेही तसंच. हीट येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती मलूल होते, पाणी जास्त पिते, उलट्या करते, कधी मागून पू येतो आणि कधी काहीच येत नाही, तेव्हा तर जास्त धोका. इथे 'वय झालंय, ऑपरेशन नको' म्हणणं म्हणजे जवळपास तिला जाऊ देणंच आहे, आणि वेळेत ऑपरेशन झालं तर बहुतेक कुत्र्या पूर्ण बऱ्या होतात.

भुलीची भीती सगळ्यांनाच असते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण निरोगी कुत्र्यांमध्ये सुमारे 0.05 टक्के आणि आजारी कुत्र्यांमध्ये सुमारे 1.33 टक्के आलं होतं, म्हणजे दोन हजारात एक आणि पंचाहत्तरात एक असा फरक. वयाने धोका वाढतोच, पण आत काय बिघडलंय ते आधी बघितलं तर भूल बदलता येते, सलाईन लावून ठेवता येतं, कधी ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलता येतं. आणि दातांचं तर बघाच. किडलेल्या, हलणाऱ्या दातांमुळे कुत्रा खात नाही आणि घरचे समजतात म्हातारपणाने भूक गेली. असे दात काढल्यावर परत वाटी चाटूनपुसून संपवणारे म्हातारे कुत्रे मी पाहिलेत.

हृदयाचं थोडं सविस्तर सांगते कारण यात घरचा माणूस खरंच उपयोगी पडतो. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप नीट मिटत नाही, स्टेथोस्कोपला फुसफुस ऐकू येते, कुत्रा मात्र मस्त असतो. मग इको कशाला? तर हृदय मोठं झालंय का ते बघायला. 2016 साली एपिक नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, 360 कुत्र्यांवरचा, त्यात असं दिसलं की हृदय मोठं झालंय पण लक्षणं अजून नाहीत अशा कुत्र्यांना पिमोबेंडन दिलं तर हार्ट फेल्युअर साधारण 15 महिने पुढे जातं. पंधरा महिने म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याच्या हिशोबात खूपच. हृदय मोठं नसेल तर ते औषध लागत नाही. म्हणजे ही टेस्ट उद्याची गोळी ठरवते, म्हणून ती करायची.

आणि घरी श्वास मोजायचे. कुत्रा गाढ झोपलेला असताना, स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा नको. छाती वर आली आणि खाली गेली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक, परत परत तीसच्या वर जात असेल तर फुप्फुसात पाणी भरायला लागलेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, खोकल्याची वाट बघू नका. हे आकडे वहीत लिहून ठेवले की डॉक्टरांना औषधाचा डोस ठरवायला ते फार कामी येतात.

सांधेदुखीत बऱ्याचदा उलटं करता येतं, म्हणजे आधी औषध, त्याच्या परिणामावरून उत्तर. कुत्रा जिना टाळतोय, उठताना मागचे पाय थरथरतायत, रात्री धापा टाकतो, सारखा एकच सांधा चाटतो. रक्त तपासून किडनी-लिव्हर बघून डॉक्टर दोन आठवडे वेदनाशामक देतात आणि कुत्रा परत दारापर्यंत धावत यायला लागतो, तेव्हा कळतं की हे वय नव्हतं, दुखणं होतं. कुत्रा दुखतंय म्हणून रडत नाही बहुतेक वेळा, तो गप्प होतो. पण माणसाच्या गोळ्या घरातून काढून देऊ नका, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो, किडनी निकामी होते. आणि स्टेरॉइड चालू असताना वेदनाशामक गोळी त्याच्यासोबत द्यायची नाही, दोन डॉक्टरांकडे जाताना हे दोघांनाही सांगायचं.

कातडीखाली गाठ लागली तर बारीक सुईने नमुना घेऊ द्या. भूल लागत नाही, मिनिटभराचं काम, नेहमीच्या इंजेक्शनइतकंच टोचतं. हाताला मऊ लागते म्हणून चरबीचीच असेल असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, मास्ट सेलची, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरची, गाठसुद्धा अगदी तशीच लागू शकते. जबड्याखाली किंवा गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना गाठी सुजल्या असतील तर लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची, शंका घेतात, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवाच: निदान व्हायच्या आधी स्टेरॉइड सुरू करू नका. त्याने गाठी झटकन बसतात, सगळ्यांना बरं वाटतं, पण निदान अवघड होतं आणि पुढे किमोचा परिणाम कमी होऊ शकतो. लिम्फोमाला काहीच केलं नाही तर साधारण चार ते सहा आठवडे, नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने, अनेक औषधांच्या किमोवर नेहमीच्या प्रकारात वर्षाच्या आसपास. कुत्र्यांची किमो माणसांसारखी नसते, डोस कमी ठेवतात कारण हेतू चांगले दिवस वाढवण्याचा असतो, बहुतेकांचे केस जात नाहीत, बरेच जण घरी येऊन नेहमीसारखे जेवतात. तरीही दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी क्लिनिक असतं, आणि जो कुत्रा क्लिनिकच्या दारातच थरथर कापतो, गाडीत लाळ गाळतो, त्याच्यासाठी ते वर्ष कसं जाईल याचा विचार घरच्यांनीच करायचा, तो डॉक्टर करू शकत नाहीत. अशा वेळी नुसतं स्टेरॉइड निवडलं तर ते निवडणं आहे, हार मानणं नाही.

पैशाचंही बोलून टाका. आपल्याला किती झेपेल हे पहिल्याच भेटीत सांगितलं तर डॉक्टर त्यात बसेल असा सगळ्यात उपयोगी क्रम लावून देतात, नाहीतर होतं काय की सगळे पैसे टेस्टमध्ये जातात आणि औषधाला उरत नाहीत. लाज वाटायचं काहीच कारण नाही. आणि 'तुमचा कुत्रा असता तर काय केलं असतं' हेही विचारा, फक्त ते उत्तर ऐकून घ्यायचं, आपलं घर आपल्यालाच माहीत असतं.

टेस्ट नको म्हटलं म्हणजे उपचार बंद, असं मात्र अजिबात नाही. दुखणं, मळमळ, भूक, घाण न होणं यासाठी भरपूर करता येतं, मॅरोपिटंट मळमळीला, मिर्टाझापिन भुकेला, कातडीखाली सलाईन घरच्या घरी द्यायला बरेच जण शिकतात. फरशीवर मॅट टाका, पाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा. रात्रभर फेऱ्या मारणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं हे डिमेन्शियाचं असू शकतं आणि त्यालाही औषध आहे, पण त्याआधी दुखणं आणि दिसणं तपासून घ्या.

आता थांबायचं कधी. पशुकॅन्सरतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 साली एक मोजपट्टी मांडली, ती मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते. दुखणं, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे, सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर आयुष्य ठीक चाललंय असं धरतात. यात श्वास दुखण्यातच मोजलाय, श्वास घेता येत नसेल तर बाकी बेरजेला अर्थ उरत नाही. हे घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं भरायचं, एकमेकांना न दाखवता. दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचे गुण बहुतेक वेळा कमी येतात कारण दुपारचं त्याने पाहिलेलं असतं, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. कॅलेंडरवर रोज चांगला किंवा वाईट एवढीच खूण केली तरी पुष्कळ कळतं, कारण आजारी कुत्र्याचा एखादा बरा दिवस आपल्याला मागचे पाच विसरायला लावतो.

दयामरण ठरलं तर काय होतं तेही आधी माहीत असावं. आधी झोपेचं इंजेक्शन देतात, बहुतेक डॉक्टर देतात, नसतील देत तर आवर्जून मागा. तो झोपला की भुलीच्या औषधाचा, बहुधा पेंटोबार्बिटलचा, खूप मोठा डोस शिरेतून जातो आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहू शकतात, नंतर एखादा खोल श्वास येऊ शकतो, लघवी होऊ शकते, त्याला तेव्हा काही कळत नसतं. घरी येणार का, दुसरा कुत्रा असेल तर त्याला जवळ येऊ द्यायचं का, नंतर दहन की दफन आणि ते कोण बघणार, हे सगळं कुत्रा बरा असतानाच विचारून ठेवलेलं सोपं जातं.

आणि रात्रीचं ठरवून ठेवा. बहुतेक चुकीचे निर्णय रात्री दोन वाजता होतात, कुत्रा कोसळलाय, नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीत, समोर अनोळखी डॉक्टर विचारतोय ऑपरेशन करू का. एका कागदावर चालू औषधं आणि डोस, शेवटचे रिपोर्ट कधीचे, रात्री उघडं असलेलं हॉस्पिटल आणि त्याचा नंबर, आणि घरच्यांनी मिळून ठरवलेलं एक वाक्य: मोठं ऑपरेशन करायचं आहे किंवा नाही, छातीवर दाब देऊन परत आणायचा प्रयत्न करायचा आहे किंवा नाही. फ्रिजवर लावा, सगळ्यांच्या फोनमध्ये फोटो ठेवा, आणि नवीन रिपोर्ट आला, औषध बदललं की तो कागद परत लिहा.